एकही दुरुस्ती न करता

अंधेरी (पूर्व),
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय विकी,

बरा आहेस ना? पवईची नवी नोकरी जमली, असं सौरभ म्हणाला. माझं तेच चाललंय, जाहिरातींचं डबिंग आणि पाठदुखी. कागदावर लिहितेय, कारण मोबाइलवरचं पुसता येतं. काल तीनदा पुसलं.

आपला पहिला अल्बम आता तबकडीवर निघतोय, तीनशे प्रती. काढणारा बंगळुरूचा आहे. "इतकं कच्चं, इतकं अंगावर येणारं मी ऐकलं नव्हतं," असं त्याने कळवलंय. त्याला सगळ्यात आवडली ती शेवटची, चौदा मिनिटांची रचना. सहाव्या मिनिटाला सौरभचे ड्रम थांबतात, तुझी गिटार नुसती घुमत राहते आणि मागे लाकडावर ठकठक होते. तीन ठोके, थोडं थांबून पुन्हा तीन. लोक विचारतात, हे कुठलं वाद्य? सौरभ म्हणतो, "माहीत नाही यार, पण झकास आहे."

तू अल्बम ऐकलेलाच नाहीस, हेही त्यानेच सांगितलं.

घाटकोपरच्या तुझ्या घरातली ती मागची खोली आठवते? भिंतींना गाद्या टेकवलेल्या, पंखा बंद, दुपारचे दोन. नियम तुझाच होता. दाराबाहेर लाल टॉवेल अडकवला की टेक चालू, आतून कडी, काही झालं तरी थांबायचं नाही. शकुकाकूंना तू बजावलं होतंस, "आई, हा दिसला की ठोकायचं नाही हां. मागचा टेक तुझ्या चहापायी गेला." त्या हसल्या होत्या. "बरं साहेब."

तू, सौरभ आणि बेसवाला, तिघांनी कानात बोळे घातले होते. मी कोपऱ्यात हेडफोन लावून रेकॉर्डिंग सांभाळत होते. खोलीचा घुमारा पकडायला एक माइक दाराशी ठेवला होता. त्यावर येणारं फक्त मला ऐकू येत होतं.

हे मी तुला आधी कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस, असं आत्ता लिहिणार होते. ते खोटं आहे. तू विचारलं होतंस.

तुझ्या पप्पांच्या, अंबादासकाकांच्या जलदानविधीला, सगळ्यांसमोर. "पाच पावलांवर होतो मी, आई! एक हाक मारता आली नाही तुला?" काकू म्हणाल्या, "मी ठोकलं रे. किती वेळा ठोकलं." तू म्हणालास, "खोटं बोलू नकोस." मग माझ्याकडे वळलास. "चेतना, हेडफोन तुझ्या कानावर होता. हिने ठोकलं?"

मी म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही."

तुझी बहीण संघमित्रा तिथून आईला हाताला धरून चेंबूरला आपल्या घरी घेऊन गेली. त्यानंतर तू आईशी बोलला नाहीस. सव्वादोन वर्षं झाली.

मला ऐकू आलं होतं, विकी. पहिल्या ठोक्यालाच कळलं की दार आहे. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, काकू, आत्ता नको. मग तुझी गिटार पुन्हा उसळली आणि त्यात सगळं बुडालं. पहिल्या ठोक्यापासून गाणं संपेपर्यंत सात मिनिटं चाळीस सेकंद. डॉक्टर काय म्हणाले होते, तुला पाठ आहे. "पाच-सात मिनिटं आधी आणलं असतं तर."

त्या दिवशीची माझी वही काढली. हॉस्पिटलमधून आल्यावर लिहिलंय : "काका गेले. टेक उत्तम."

विधीच्या दिवशी मी घाबरले होते, असं म्हणता येईल. पण तू काकूंवर ओरडत होतास, म्हणजे माझ्यावर ओरडत नव्हतास. मला बरं वाटलं होतं. इतकंच खरं आहे.

मागच्या रविवारी चेंबूरला गेले होते. काकूंनी पोहे केले. माझी बशी रिकामी झाल्यावर हळूच विचारलं, "तुला तरी ऐकू आलं होतं ना गं?"

मी पुन्हा नाही म्हणाले.

त्यांनी माझी रिकामी बशी उचलली. मग म्हणाल्या, "मग मी नसेल ठोकलं. डोक्यात घोळ झाला असेल माझ्या."

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात मूळ टेक आहे. ठोके सहा मिनिटं वीस सेकंदांवर. त्यानंतर काकूंचा आवाज आहे, "विकी, दार उघड रे, पप्पांना बघ." अल्बममध्ये तो नाही. ठोके चांगले लागले होते म्हणून ठेवले, आवाज मी काढला. कव्हरच्या मागे आपण अभिमानाने छापलंय, "एकही दुरुस्ती न करता." एक केली आहे. तबकडीवर मूळ टेक घालायचा की रचनाच काढायची, ते तू आणि काकू ठरवा. तोवर छपाई थांबवायला कळवलंय.

माफी मागत नाही. मागितली तर तुला माझ्याकडे बघावं लागेल, आणि तुझी पहिली फेरी चेंबूरची आहे. पेन ड्राइव्ह घेऊन जा. तुला ऐकायची गरज नसेलही. त्यांना आहे.

जिला ऐकू आलं होतं, ती
चेतना