ज्याने नेला त्यानेच आणावा

पांडेसरा, सुरत
पाडव्याचा दुसरा दिवस, १९९६

तीर्थस्वरूप निंबादाजी आणि आक्का यांच्या पायांवर धुडकूचं डोकं. (जरा सांभाळून घ्या, कालपासून ते ठिकाणावर नाही.) इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. दाजी, तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात एरंडेलाचा गुण आला असं होतं, पण अक्षर आक्काचं होतं, म्हणून तुम्हाला वेगळं विचारतो. आक्काचा खोकला, तांबडी गाय, ओट्याचं राहिलेलं काम, हे सगळं विचारून झालं असं समजा. मला मुद्द्यावर यायचंय, आणि यायची भीतीही वाटतेय.

मी प्रोसेस हाउसात कापडाचे ताके तपासतो हे तुम्हाला ठाऊक आहे. खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जातं आणि मी डोळे फाडून बघत बसतो. धागा तुटला, डाग पडला, रंगाची पट्टी आली, की निळ्या खडूची खूण. निर्दोष निघाला तर फ्रेश, खोट निघाली तर सेकंड, अगदीच गेलेला असेल तर चिंधी. ताका कोणत्या मागावरचा, कोणाच्या घरचा, हे विचारायचं नाही हा माझा नियम. आमच्या शेठच्या मेव्हण्याचा माल मी सेकंडात टाकला आणि तरी नोकरीवर टिकलो. (मेव्हणा टिकला नाही.) हाच नियम यंदा माझ्या मुळावर आला.

झालं असं, की आमच्या खानदेश मित्रमंडळाचा सेक्रेटरी आनंदा याच्या डोक्यात यंदा ऑर्केस्ट्राऐवजी कथास्पर्धा शिरली. विषय ‘उद्या’. गोष्ट कल्पनेतली हवी आणि एका पोस्टकार्डात मावली पाहिजे. कार्डावर नाव नाही, फक्त नंबर. पाडव्याच्या संध्याकाळी स्टेजवरून आधी कथा वाचायची, मग परीक्षकाचं मत, मग लिहिणाऱ्याने उभं राहायचं आणि वाटलं तर एक वाक्य बोलून खाली बसायचं. मागच्या वर्षी मुलांच्या पाठांतर-स्पर्धेला शाळेतले एक गुरुजी परीक्षक होते, त्यांनी पहिला नंबर स्वतःच्या भाच्याला दिला आणि खुर्च्या हवेत गेल्या. म्हणून आनंदा माझ्याकडे आला. म्हणे, धुडकूभाऊ, तुम्ही खोड काढायचा पगार घेता, आमच्यासाठी फुकट काढा. मी फुगलो. दाजी, माणूस फुगला की त्याला खालचं दिसत नाही.

कथा मात्र एकेक बघण्यासारख्या होत्या. एकाने लिहिलं होतं, की उद्याच्या सुरतेत माग आपोआप चालतात, आवाजसुद्धा होत नाही, पण खडखडाटाशिवाय कोणाला झोप येईना, म्हणून जुन्या कामगारांना बोलावून तोंडाने मागाचा आवाज काढायला बसवतात. (मी लिहिलं, विणकर जाणता आहे. फ्रेश.) दुसऱ्या कथेत पोस्टमन उद्याची पत्रं आजच वाटतो, आणि एका म्हाताऱ्याला स्वतःच्या तेराव्याचं निमंत्रण मिळतं. त्यात जेवणाचा बेत वाचून तो इतका चिडतो की मरायचंच रद्द करतो. तोही फ्रेश. पाच नंबरात चंद्रावर लग्न होतं. वरात, बॅण्ड, मानपान, व्याह्यांना लोड-तक्क्याचं वेगळं यान, आणि सगळी सोय मुलीकडच्यांनी केलेली. मी हसून हसून बेजार. मत लिहिलं, ‘कथेत नवरी कुठेच नाही, पण तिच्यावाचून काही अडतही नाही. भरगच्च ताका. फ्रेश, पहिला नंबर.’ दाजी, हे वाक्य लक्षात ठेवा, मला ते विसरायचंय.

सात नंबरची कथा अशी. एक गाव असतं, तिथे उद्याचा दिवस दुकानात मिळतो. रोज संध्याकाळी घरोघरचे बाप रांगेत उभे राहून सगळ्यांचे उद्या गाठोड्यात बांधून आणतात. एक मुलगी सकाळी आपलं गाठोडं सोडते, तर आत भलत्याच कोणाचा दिवस. खांद्यात आवळतो, पायात येतो. ती बदलून घ्यायला धावत दुकानावर जाते. तिथे पाटी असते: ‘माल बदलून मिळेल. ज्याने नेला त्यानेच आणावा.’ मुलगी घरी येते. बाप चहा पीत बसलेला. ती दारात उभी राहते. बस, संपली. मी दोनदा कार्ड उलटून पाहिलं, मागे काही नाही. मला रागच आला. लिहिलं, ‘सूत चांगलं, पण शेवट नाही. मुलगी बापाला सरळ सांगत का नाही? तोंडाला कुलूप लावलंय का? लिहिणाऱ्याला हिंमत झालेली नाही. सेकंड.’ आणि सही ठोकली.

सगळी मतं पाकिटात घालून आनंदाच्या हवाली केली, तेव्हा तो सहज बोलून गेला, की भेस्तानच्या बन्सीलाल पाव्हण्यांचंही एक कार्ड आहे. नंबर विचारला तर सांगेना. आता हे बन्सीलाल म्हणजे कोण ते तुम्हाला काय सांगू, तुम्हीच आणलेलं स्थळ ते. आमच्या मनीषाचा साखरपुडा त्यांच्या मुलाशी आखाजीच्या मुहूर्तावर ठरलेला, तुमच्याच शब्दावर. भेस्तानात साड्यांचं दुकान, स्वतःचं घर, मुलगा गल्ल्यावर बसतो आणि बसल्याजागी दुसऱ्याला कामं सांगतो. (ही तेव्हा मला स्थळाची जमेची बाजू वाटली होती.) होकार कळवला त्या दिवशी मंगलाने पोळी लाटता लाटता एवढंच विचारलं होतं, “तिले इचारं का तुमी?” मी म्हटलं, विचारायचं काय, चहा देताना मुलगी हसली होती. त्या दिवशीच्या पोळ्या मात्र जाड झाल्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी साखरपुड्याच्या शालूवरचं मापाचं पोलकं द्यायला मी बन्सीलालच्या दुकानात गेलो. शालू निवडायला पूर्वी आम्ही तिघंही गेलो होतो, पण तेव्हा मी कापड उजेडाला धरून खोट शोधत होतो आणि मनीषा समोरच्या बाकावर गप्प बसून होती. या वेळी मी त्या बाकावर बसलो, आणि समोर भिंतीवर पाटी: ‘माल बदलून मिळेल. ज्याने नेला त्यानेच आणावा.’ सात नंबर बन्सीलालचा! ज्या माणसाच्या घरी माझी मुलगी जायची, त्याला मी लेखी कळवलं होतं की तुझ्यात हिंमत नाही आणि तू सेकंड आहेस, आणि ते उद्या सगळ्या समाजासमोर लाउडस्पीकरवर वाचलं जाणार होतं.

तिथून मी आनंदाकडे पळालो. पाकीट परत दे म्हटलं. तो म्हणाला, पाकीट अध्यक्षांच्या कपाटात आहे आणि अध्यक्ष बारडोलीला मुलीकडे गेलेत, चावी कनवटीला लावून. मी म्हटलं, एक मत बदलायचंय. तर म्हणतो, धुडकूभाऊ, तुम्हीच म्हणाला होता ना, एकदा खडू मारला की मारला? (माझंच वाक्य मला असं मागून येऊन चावेल ही कल्पना नव्हती.) मग मी परत भेस्तान गाठलं. म्हटलं आधीच गोड बोलून ठेवावं. बन्सीलालना म्हणालो, कथेला शेवट नसला तरी बिघडत नाही म्हणा. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “पाव्हणे, शेवट तर उद्या बघा.” मला ती धमकीच वाटली. बसमध्ये घाम पुसता पुसता मोडलेल्या साखरपुड्याची बातमी आक्काला कशी कळवायची याचं पत्र मनात तयार केलं. ते पत्र हेच, पण पुढे सगळं बदललं.

घरी आलो तर मनीषा दारातच. तिने विचारलं, “पप्पा, सगळ्या कथा नीट वाचल्या ना?” मी खेकसलो, नीट म्हणजे काय, खडू मारून ठेवलेत. ती आत गेली. जेवली नाही. मलाही घास उतरत नव्हता, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तिला बारावीनंतर बारडोलीला मास्तरणीचं शिक्षण घ्यायचंय आणि त्याचे फॉर्म निघालेत, असं मंगला नंतर म्हणाली. मला त्या वेळी फक्त बन्सीलालचा चेहरा दिसत होता.

पाडव्याची संध्याकाळ. मैदानात सतरंज्या, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. मला परीक्षक म्हणून स्टेजवर हार घालून बसवलेलं, म्हणजे पळायची सोय नाही. आनंदा वाचत गेला. मागवाल्याला टाळ्या, तेराव्यावाल्याला त्याहून जास्त. पाच नंबर, चंद्रावरचं लग्न. त्यावरचं माझं मत वाचलं, आणि उभे कोण राहिले? बन्सीलाल. हात जोडून, मिशीला पीळ देऊन. म्हणाले, “नवरीचं काय, ती येतेच मागून.” मैदान हसलं. दाजी, क्षणभर मला इतकं हलकं वाटलं की मीही हसलो. साखरपुडा वाचला! मग डोक्यात आलं, बन्सीलाल पाच नंबरचे, तर सात नंबरचं कोण? ती पाटी आणखी कोणी वाचली होती? त्या बाकावर माझ्याआधी कोण बसलं होतं?

आनंदा सात नंबर वाचायला लागला होता. गाठोडं, पाटी, चहा पिणारा बाप. माझ्या गळ्यातला हार मला टोचायला लागला. मी उठून माइक बंद करावा असं वाटलं, पण तोवर आनंदाने कार्ड खाली ठेवलं होतं. मग माझं मत. तोंडाला कुलूप लावलंय का. हिंमत झालेली नाही. सेकंड. आनंदाने ते ठासून वाचलं, त्याला आवडलं होतं. बायांच्या बाजूला हालचाल झाली आणि मनीषा उभी राहिली. माझी मनीषा, दाजी, जी पाहुण्यांसमोर मान वर करत नाही. कोणाकडेही न बघता फक्त माझ्याकडे बघून म्हणाली, “शेवट परीक्षकांनी द्यायचाय, म्हणून मी दारातच थांबले.” आणि बसली. टाळ्या वाजल्या, कारण लोकांना वाटलं हजरजबाबी उत्तर आहे. मंगलाने वाजवल्या नाहीत. मी तर हार सांभाळत बसलो होतो.

मला लाज वाटली, हे तुमच्यापासून लपवत नाही. आयुष्यभर लोकांच्या कापडात सुईएवढं छिद्र शोधणारा मी, माझ्या घरातली मुलगी दारात उभी होती ती मला दिसली नाही. बाकी पाडवा चांगला झाला. श्रीखंड थोडं आंबट होतं. आक्काला माझा नमस्कार सांगा, आणि तुम्ही गुडघ्याला जपा.

आपला,
धुडकू

ता. क. हे पत्र लिहायचं खरं कारण खाली राहून गेलं. येत्या रविवारी भुसावळ लाइनच्या पॅसेंजरने निघून या. आखाजीला साखरपुडा होणार नाही. आज सकाळी चहा घेताना मी मनीषाला विचारलं, आणि तिने सरळ सांगितलं. (कुलूप नव्हतं, विचारलंच नव्हतं.) बन्सीलालकडे नकार घेऊन मीच जाणार आहे. त्यांच्याच पाटीचा नियम आहे, त्यामुळे तुम्हाला पुढे करत नाही. तुम्ही फक्त शेजारी त्या बाकावर बसा, मला एकट्याला धीर होणार नाही. शिवाय पहिल्या नंबरची ढाल त्यांनी गल्ल्यामागे टांगली आहे म्हणे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला माझं मत पाठ म्हणून दाखवतात. इतक्या खुशीतल्या माणसाला नकार द्यायचा म्हणजे दोन माणसं लागतात.

ता. क. दुसरं. पाकीट चिकटवण्याआधी पत्र मनीषाला वाचायला दिलं. माझाच निळा खडू घेऊन बसली. पहिल्या पानावर जागोजागी खुणा आहेत, त्या तुम्हालाही दिसतील, मी पुसल्या नाहीत. खाली तिचं मत आहे: ‘मधे गाठी फार. शेवट आहे. फ्रेश.’