एकशे साठ एकर आणि एक खाट

एल्डर क्रीक, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर १८७७

तीर्थरूप असाहेलदादास,
धाकट्या पर्सिसचा शि. सा. न. वि. वि.

मेपलच्या साखरेचा डबा पोचला. अर्धी साखर लोव्हिसाताईने कुलुपात घातली. का, तर मी उधळी! सव्वीस वर्षांची घोडी झाले तरी हिच्या लेखी मी अजून पाळण्यातच.

येत्या मे महिन्यात आमची पाच वर्षं भरतात. सरकारचा कायदा काय, तर पाच वर्षं स्वतःच्या जमिनीवर राहा, तिथेच झोपा, की एकशे साठ एकर तुमचे. आम्हा दोघींच्या जमिनी लागून आहेत, पण दोन घरं बांधायची ऐपत कुठली! म्हणून माती-गवताच्या ढेकळांचं एकच घर बरोबर हद्दीवर उभं केलं. उत्तरेची खोली ताईच्या जमिनीवर, दक्षिणेची माझ्या. मधल्या स्वयंपाकघरातून हद्द जाते. चूल तिच्याकडे, पाण्याचं पिंप माझ्याकडे. भांडण झालं की ती मला चुलीपाशी फिरकू देत नाही आणि मी तिला पाणी देत नाही. मग दोघी उपाशी बसतो. काल दोन वाजेपर्यंत बसलो होतो.

निघताना तू घातलेली अट मी विसरले नाही. मी घाबरते असं कळलं की त्याच आठवड्यात परत यायचं, आणि मी बायबलवर हात ठेवून ते कबूल केलंय. तर तू अगदी निर्धास्त राहा. माझ्या खोलीत मी एकटी ढाराढूर झोपते. लांडगे ओरडोत नाहीतर वारा, मी कूससुद्धा बदलत नाही.

वहिनीला नमस्कार. ताईचं पत्र याच पाकिटात आहे, पण तिने ते चिकटवून ठेवलंय. म्हणजे माझ्या चुगल्याच असणार. त्यातल्या निम्म्या खऱ्या मान आणि माझ्यावरचा लोभ पूर्वीइतकाच ठेव.

तुझी,
पर्सिस

---

एल्डर क्रीक, त्याच दिवशी

ति. दादास,
लोव्हिसाचा सा. न. वि. वि.

धाकटीने साखरेचं रडगाणं गायलं असेलच. गेल्या डब्याचा तिने चार दिवसांत फडशा पाडला, हे मात्र लिहिलं नसेल.

मका बरा आला. टोळधाड यंदा आमच्यावरून गेली, उतरली नाही. पश्चिमेच्या लोकांचं सगळं गेलं, फार वाईट वाटतं. रेल्वेचा नवा फाटा माझ्या जमिनीच्या कडेने जाणार अशी बोलवा आहे. तेव्हापासून दुकानदाराचा जावई बर्डिक कारण नसताना आमच्याकडे चकरा मारतो आणि पर्सिसशी हवापाण्याच्या गप्पा हाणतो. मला तो माणूस आवडत नाही. दात फार दाखवतो.

पोरगी कामाला वाघ आहे, हे तिच्या तोंडावर मी कधी म्हणायची नाही. नांगर माझ्यापेक्षा सरळ धरते. खोड एकच, झोपेत लाथा मारते. काल अशी हाणली की सकाळी मला कंबर धरून उठावं लागलं.

माझा नवरा एडविन जाऊन या महिन्यात सहा वर्षं झाली. तू त्याच्या थडग्यावर फुलं ठेवलीस, असं वहिनीने लिहिलं. दादा, तुला काय लिहू! उत्तर जरा सवडीने आणि लांबलचक लिही. तुझी चार ओळींची पत्रं वाचून पोट भरत नाही.

तुझी,
लोव्हिसा

---

(पोस्टकार्ड)
व्हरमाँट, २ नोव्हेंबर १८७७

चि. लोव्हिसा व चि. पर्सिस यांस अनेक आशीर्वाद.

दोघींची पत्रं मिळाली. वहिनीची व माझी हसून हसून पुरेवाट झाली. पर्सिस लिहिते, ती आपल्या खोलीत एकटी झोपते. लोव्हिसा लिहिते, पर्सिसच्या लाथेने तिची कंबर धरली. मग लाथ स्वयंपाकघर ओलांडून गेली की काय? खुलासा व्हावा! इकडे बर्फ पडू लागलं. बाकी ठीक. जपून असा.

असाहेल

---

एल्डर क्रीक
९ डिसेंबर १८७७

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या काटकसरीला काय म्हणावं! अरे, बंद पाकिटात घालायच्या गोष्टी कोणी उघड्या कार्डावर लिहितं का? आमचं टपाल दुकानात येतं आणि आम्ही पंधरवड्याने ते आणायला जातो. तोवर तुझं कार्ड गल्ल्याशेजारी उभं करून ठेवलेलं होतं. पिठाला आलेल्या आणि खिळ्यांना आलेल्या सगळ्यांनी वाचलं. मी आत शिरले तर एकाने विचारलं, कंबर कशी आहे म्हणून. मी नुसती लाल झाले.

हसण्यावारी गेलं असतं तर मी तुला चिमटा काढून सोडलं असतं. पण बर्डिकने ते कार्ड वाचलं आणि थेट जमीन कचेरीत तक्रार गुदरली. त्याचं म्हणणं, लोव्हिसा स्वतःच्या जमिनीवर राहतच नाही, बहिणीच्या जमिनीवर झोपते, तेव्हा तिचा हक्क रद्द करून ती जमीन त्याला द्यावी. सुनावणी मे महिन्यात. हरले तर पाच वर्षांची मेहनत, विहीर, चाळीस एकर नांगरट, सगळं त्या दातवाल्याच्या घशात जाईल.

आता तुला खरं सांगते. मी पर्सिसच्या खोलीत झोपते. पहिल्या हिवाळ्यापासून. माझ्या खोलीत उत्तरेचा वारा शिरतो आणि माझे गुडघे धरतात, एवढंच कारण. दुसरं काही मनात आणू नकोस आणि त्या पोरीला यातलं काही विचारू नकोस.

मी रागावले आहे. पण तो राग तू आहेस म्हणून आहे, परक्यावर मी शाई खर्च केली नसती.

तुझी,
लोव्हिसा

---

व्हरमाँट
२ जानेवारी १८७८

चि. लोव्हिसास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून घास गोड लागत नाही. चार पैसे वाचवायला गेलो आणि बहिणीची जमीन पणाला लावली. वहिनी माझ्याशी अर्धवटच बोलते आहे आणि ते बरोबरच आहे.

इथल्या वकिलाला विचारलं. तो म्हणतो, तू शपथेवर एवढंच सांग की मी माझ्या घरात झोपले. घर दोन्ही जमिनींवर आहे, म्हणजे ते खोटं नाही. खोलीचं विचारलंच तर आठवत नाही म्हण. लोव्हिसा, मी वीस वर्षं चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो आणि आज तुला असलं शिकवतो आहे. देवाला काय सांगायचं ते माझं मी बघेन. तू जमीन सोडू नकोस.

गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या पाठवल्या आहेत. या गाढव भावावर माया असू दे.

असाहेल

---

एल्डर क्रीक
१९ मे १८७८

ति. दादास,
पर्सिसचा शि. सा. न. वि. वि.

सुनावणी झाली. सगळं क्रमाने सांगते, मध्ये उडी मारून शेवट वाचू नकोस.

चाळीस मैल गाडीतून हादरे खात कचेरीत पोचलो. अर्धं गाव तमाशा बघायला आलेलं. ताई आधी उभी राहिली. तुझ्या वकिलाने शिकवलेलं वाक्य तिने नीट म्हटलं, मी माझ्या घरात झोपले. बर्डिकच्या वकिलाने विचारलं, कोणत्या खोलीत. मला वाटलं, आठवत नाही म्हणेल. पण तिचा हात बायबलवर होता. ती म्हणाली, बहिणीच्या खोलीत, साडेचार वर्षं. लोकांत कुजबुज सुरू झाली. अधिकारी म्हातारा होता, बरा माणूस वाटला. आजारपणासारखं काही कारण असेल तर कायदा ते मानतो, सांगा, असं तो दोनदा म्हणाला. ताई गप्प! गुडघ्यांचंही तिने सांगितलं नाही, कारण ते खोटं होतं आणि शपथ घेतलेली होती. माझ्याकडे चुकूनही बघेना.

दादा, ती माझ्यासाठी गप्प होती. तेव्हा मीच उठले.

पहिल्या हिवाळ्यात ताई पीठ आणायला गेली आणि वादळ आलं. तीन दिवस, तीन रात्री मी घरात एकटी गाडली गेले होते. दार उघडेना, जळण संपलं, गोठ्यातली गाय ओरडत होती, मग ओरडायची थांबली. ताई मेली असंच मी धरून चालले होते. ती चौथ्या दिवशी आली, तिने फावड्याने दार मोकळं केलं. तेव्हापासून मला एकटीला झोप लागत नाही. डोळा लागला की किंचाळून उठते. ताई पहिल्या रात्री पांघरूण घेऊन आली ती आजतागायत परत गेलेली नाही. हे सगळं मी भरल्या कचेरीत सांगितलं. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. हसू दे मेल्याला.

बोलताना मला उगाच ते पॉनी लोक आठवले, या मुलखाचे मूळचे रहिवासी. तीन-चार वर्षांपूर्वी सरकारने त्यांना दक्षिणेकडे हलवलं तेव्हा ते आमच्या दारावरून गेले होते. एक म्हातारी विहिरीवर पाणी प्यायली आणि आमच्या शेताकडे बराच वेळ बघत राहिली. आमच्यासाठी सरकारने टेबल मांडून विचारलं, कुठे झोपत होतात. तिला असं कोणी विचारलं नसणार. याचं काय करायचं ते मला कळत नाही, पण मनातून जात नाही.

अधिकाऱ्याने ताईला विचारलं, तुमचे कपडे कुठे असतात, चूल कुठे आहे, नवऱ्याची तसबीर कुठे टांगली आहे. सगळं उत्तरेच्या खोलीत नाहीतर चुलीपाशी, तिच्याच जमिनीवर. मग तो म्हणाला, घाबरलेल्या माणसाला सोबत करायला चार पावलं गेलेली बाई घर सोडून गेली असं मी लिहिणार नाही. बर्डिकची तक्रार फेटाळली. आमचे दोघींचे कागद मंजूर झाले.

आता माझं. अट तुला आठवतच असेल. मी घाबरते, दादा. साडेचार वर्षं घाबरते आहे आणि तुला खोटं लिहीत आले. पण मी परत येणार नाही. शब्द मोडते म्हणून हवं तेवढं रागाव, पण इतक्या लांबून रागावताना लोभ सांडू देऊ नकोस.

तुझी,
पर्सिस

---

एल्डर क्रीक
२३ जून १८७८

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं जाड पाकीट मिळालं. पर्सिसला तू अटीतून मोकळं केलंस आणि घाबरूनही टिकून राहिलेलं माणूस न घाबरलेल्यापेक्षा मोठं, असं लिहिलंस. ते वाचून ती विहिरीवर जाऊन रडली. डोळ्यांत धूळ गेली, असं म्हणाली. मी मान्य केलं.

मी शपथेवर जे सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं, पण ते अर्धंच होतं. उरलेलं तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगणार?

कागद हातात आल्यावर पर्सिस म्हणाली, ताई, आता तुझी खोली खरी तुझी झाली, तिथे झोप, मी एकटीने निजून बघते. मला धन्य वाटलं. माझी खाट झटकली, चादर घातली, दिवा मालवला. पर्सिसच्या खोलीतून हूं की चूं नाही. पोरगी चक्क झोपली होती. मीच टक्क जागी.

वादळाचे ते तीन दिवस मी कुठे होते हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. सात मैलांवर एका स्वीडिश कुटुंबाकडे अडकले होते. रोज दार उघडून बाहेर पडायचे आणि त्यांचा म्हातारा मला दंड धरून आत ओढायचा. तिसऱ्या दिवशी मी जायचं थांबवलं, कारण पर्सिस गोठून मेली हे मी मनात कबूल केलं होतं. एडविननंतर ही एकच उरली होती, तिलाही मी इथे आणून मारलं. चौथ्या दिवशी बर्फ उपसताना मी तिचं प्रेत बघायच्या तयारीने उपसत होते.

साडेचार वर्षं मी समजत होते, मी तिच्या सोबतीला जाते. त्या रात्री अनवाणीच तिच्या दारात गेले, तिचा श्वास ऐकला, आणि मग कुठे माझा जीव भांड्यात पडला. ती जागी झाली, भिंतीकडे सरकली आणि मला जागा करून दिली.

तुझी,
लोव्हिसा