बशीतलं भिंग

स्वेलंडम, दक्षिण आफ्रिका, १४ ऑगस्ट

मर्लिन,

तुझ्या त्या बशीतल्या भिंगापायी तुझ्या बहिणीची पोर लिओना एका डोळ्याने आंधळी व्हायची वेळ आलीय. आधी हे वाच, मग खुशाली. फोनवर तू गोड बोलून सुटतेस, म्हणून कागद घेतलाय.

मी बरी आहे. गुडघे तसेच. तुझ्या प्रयोगशाळेसाठी चाळीस बेडूक शनिवारच्या गाडीने धाडलेत. पिंजऱ्यात कलेजी लावली की अजून येतात मेले.

ईस्टरला आलीस तेव्हा लिओनाच्या डोळ्यात काटा गेलेला. बुबुळात दूध सांडल्यागत पांढरं. इस्पितळाने ऑपरेशनची तारीख दिली होती. आणि तू बहिणीपुढे फोन धरलास, "रोझेल्डा, बेडकाचं भिंग काढलं तरी पुन्हा वाढतं. आता आम्ही माणसाच्या मूळ पेशींपासून बशीत भिंग वाढवतोय, बघ!" झालं. ती म्हणाली, "मग पोरीला सुरी कशाला लावू?" किती वर्षं लागतील ते तू बोलली नाहीस. कॉफीत रस्क बुडवत बसलीस.

मी दुसरी शिकलेली, पण बेडूक तुझ्या जन्माआधीपासून धरतेय. एका टोपात बेडकाचं शेपटीवालं पिल्लू ठेवलं, दुसऱ्यात थोराड मादी. शिवणाच्या सुईने दोघांचं भिंग उकरलं. महिन्याभरात पिल्लाचा डोळा चकचकीत. मादीचा अजून तसाच मेलेला. हे तुला ठाऊक होतं ना? मग "पिल्लाचं" म्हणायला जीभ झडली होती?

काल नर्सबाई आली. म्हणाली, "ओमा, पोर चार वर्षांची आहे. आणखी थांबलात तर डोळा बघायचंच विसरेल. मग कुठलंही भिंग बसवा, उपयोग नाही." पुढच्या गुरुवारची तारीख आहे. तिसरी.

पहिल्या दोन कुणी घालवल्या? इस्पितळाची गाडी आली तेव्हा रोझेल्डा मळ्यात कामाला होती. मीच फाटक अडवून ड्रायव्हरला म्हणाले, "आमची नात मोठी शास्त्रज्ञ आहे. तुमची गरज नाही." दोन्ही वेळा. चर्चमध्येही मिरवलं. आता मी "जा" म्हणते, तर रोझेल्डा म्हणते, "ओमा, तूच नाही म्हणालीस ना? मर्लिन सांगेल तेव्हा बघू."

मला उत्तर पाठवू नकोस, मी फोडणार नाही. रोझेल्डाला लिही, स्वतःच्या हाताने, बुधवारच्या आत पोचेल असं: भिंग येणार नाही, पोरीला ने. त्यात "कदाचित" घातलंस तर या दारात पाय ठेवू नकोस. उत्तर तिला द्यायचं. तूच द्यायचं.

तुझी आजी,
ओमा सार्लिना