पुलावर थांबणारी गाडी

११ नोव्हेंबर २०२५

पिकअप गेली. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तळेगावला नणंदेकडे पाठवून दिली – "आंगनात दिसली का तुही सासू जेवत नाई." बरं! पण त्याआधी मी पाना घेऊन सीटमागचा गाण्यांचा अँप आणि वूफरचा डब्बा काढून घेतला. सासूबाई म्हणाल्या, "काय करशीन वो त्याचं? चुलीत घालशीन?" हो, घालीन!

माझ्या नवऱ्याचा, रोशनचा, जीव होता त्या डब्ब्यात. नागपूरला भाजी टाकून परत यायचा तेव्हा धाम नदीच्या पुलावरूनच धम धम ऐकू यायचं. मी तवा ठेवायचे.

१२ नोव्हेंबर

दिवाळी झाली आणि त्याच आठवड्यात गाडी पुलावर सापडली. इंजिन चालू, दार उघडं, आत कोणी नाही. खाली पाण्याच्या काठाशी त्याची एक चप्पल, लाल पट्ट्याची. नदी शोधली. काही नाही. सगळे म्हणतात बुडाला. बुडाला तर सापडेल ना! धाम काय समुद्र आहे?

मी टिकली काढलेली नाही. काढणार नाही.

१३ नोव्हेंबर

नीरज आला. माझा भाऊ, सेवाग्रामला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मी अँपची वायर घेऊन बोर्डाजवळ बसलेली पाहून ओरडलाच – "ताई! घरच्या लाईनले डायरेक्ट जोडशीन त अँप बी जाईन अन् तू बी!"

अँपला बारा व्होल्ट लागतात, बॅटरीसारखे. त्यानं जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आणला होता. हिरवी वायर काळीला जोडली की त्याचा पंखा फिरतो. मग पिवळ्या सगळ्या एकत्र, काळ्या सगळ्या एकत्र. आणि एक बारीक निळी – अँपला जागं करायची. गाडीत ती टेपमधून येते, इथे तीही पिवळीलाच जोडली. आधी लाल लाईट लागला. माय वो, मला तर रडायलाच आलं! कुठेतरी तारेचे दोन केस एकमेकांना चिकटले होते. ते सोडवले – हिरवा!

मोबाईल लावून त्याचं आवडतं गाणं वाजवलं. भांडी हलली. सासूबाई आतून आल्या आणि दारातच बसून रडल्या. मीही. नीरज खाली मान घालून वायरी गुंडाळत बसला.

१४ नोव्हेंबर

गाणं बंद केलं तरी डब्बा बारीक गुणगुणतो. नीरज म्हणाला होता – "तो घरच्या लाईटचा आवाज, एकसारखा राहीन. गाडीत इंजिनचा आवाज घुसते, रेस केली का चढते. इथं कुठचं इंजिन?"

दिवेलागणीला सांबाराची हिरवी जुडी निवडत बसले होते. मोबाईल लावलेला नव्हता. गुणगुण चढली. उतरली. परत चढली.

कोणीतरी गिअर टाकत होतं.

१५ नोव्हेंबर

आज मुद्दाम बसले. वेळ तीच. सेलूच्या स्पीडब्रेकरवर कशी दुसऱ्यात घेतो, मला पाठ आहे – किती वेळा शेजारी बसून आले! तोच स्पीडब्रेकर. मग लांब सरळ रस्ता. मग इंडिकेटरची टकटक. मग पूल. पुलावर इंजिन जागेवरच चालू राहिलं. कितीतरी वेळ. आणि गेलं.

मी उठून दारात गेले. रस्ता रिकामा.

१६ नोव्हेंबर

सासूबाईंना बसवलं. त्यांनाही ऐकू आलं! तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. पुलावर आवाज थांबला तसा माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, "तिथंच अडकला वो माहा लेक. त्याले सोडवा लागते."

मी सांगत होते, येतो आहे तो, जिवंत आहे. त्यांनी भलतंच ऐकलं. मीच ऐकवलं ना! आता कोणाला दोष देऊ?

१८ नोव्हेंबर

ठरलं. अमावस्येला नदीवर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. माणूस सापडत नाही तेव्हा असंच करतात. मी मामाजींपुढे उभी राहिले – "जित्या मानसाले जाळता काय?" ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पोरी, मलेबी वाटते तो यावा. पन तुही सासू मरून राह्यली, तिच्याकडे पाय."

पाहिलं. मग मीच त्याचा शर्ट काढून दिला.

२० नोव्हेंबर

पानांची माती झाली. वर त्याचा चौकड्यांचा शर्ट घातला होता आणि ती लाल पट्ट्याची चप्पल ठेवली होती. रबराचा वास केसांतून जात नाही.

संध्याकाळी डब्ब्यातून नुसती गुणगुण. एकसारखी. रेस नाही, गिअर नाही. सासूबाई जेवल्या. मला घास उतरला नाही.

२४ नोव्हेंबर

आला! रोशन आला!! दुपारी मेथीच्या जुड्या बांधत होते, मान वर केली तर अंगणात उभा. वाळलेला, दाढी वाढलेली. सासूबाईंनी तर टाहोच फोडला. कुठे होता, कसा आला – "आठवत नाई" म्हणतो. उंबऱ्याबाहेर थांबून विचारलं, "आत येऊ काय?" बाप्पा! स्वतःच्या घरात?

मी ओढूनच आत घेतलं. अंगाला धुराचा वास आहे. कुठे झोपला असेल काय माहीत.

२५ नोव्हेंबर

मामाजी पुजाऱ्यांना विचारून आले. ज्याला अग्नी दिला तो परत आला तर त्याचं बारसं पुन्हा करावं लागतं, लहान लेकरासारखं. तोवर कोणी नावानं हाक मारायची नाही. रविवारी ठरलं. सासूबाई पाळणा मागायला शेजारी गेल्या. मी हसले – एवढा मोठा बाप्या, पाळण्याला पाय लावेल फक्त!

तो हसला नाही. बसून होता, पोळीकडे बघत.

२६ नोव्हेंबर

अंगण झाडताना त्याच्या चपला उचलल्या. दोन्ही आहेत. लाल पट्ट्याच्या. डावी आणि उजवी.

डावी मी माझ्या डोळ्यांनी जळताना पाहिली.

सारख्या चपला बाजारात पुष्कळ मिळतात. मिळतात ना?

२७ नोव्हेंबर

दिवेलागणीला डब्ब्यात गिअर पडला.

सेलू. सरळ रस्ता. पूल – आणि यावेळी थांबली नाही! पूल ओलांडला आणि गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद झालं. तो समोर बसला होता. म्हटलं, ऐकलं का? म्हणाला, "काय?" मग म्हणाला, "काढून टाक ते."

एकेकाळी त्या अँपला कोणाला बोट लावू द्यायचा नाही.

२८ नोव्हेंबर

नीरजला फोन केला. म्हणाला, "ताई, भाऊजी आले ना घरी? मंग आता कायची गाडी ऐकतं तू?"

फोन ठेवला.

पॉवर सप्लाय काढला. पिवळी, काळी, निळी, सगळ्या वायरी सोडून डब्ब्याखाली ठेवल्या. बोर्डाचं बटण बंद. आता बघू.

२९ नोव्हेंबर, शनिवार

अँपचा हिरवा लाईट लागला आहे. वायर एकही नाही.

गाडी अंगणात येऊन थांबली. दार वाजलं. डब्ब्यातून रोशनचा आवाज, दमलेला, अगदी जवळ – "काजल, दार उघड ना वो. केव्हाचा येऊन राह्यलो."

मी उठले. माझ्या शेजारी बसलेल्यानं माझा हात धरला.

"नको उघडू. उद्या माहं नाव ठेवतेत."