जुनी चेन दादाला, बाकी इतरांना

हे मृत्युपत्र मी गुरुवारीच लिहायला हवं होतं. कागद आणला, पेन चालतं का बघायला कोपऱ्यात एक बेडूक काढला, तो बरा जमला म्हणून आणखी चार काढले. हा दुसरा कागद आहे.

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, धंदा अजून ठरलेला नाही, मुक्काम सध्या आईच्या घरात, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण वैतागात, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहिते. मामाचा दबाव धरायचा नाही. मामा तीस वर्षं कोर्टात कारकून होता. गुरुवारी जॅक खचला आणि आईच्या गाडीचं इंजिन माझ्या बोटांच्या नखभर अलीकडे येऊन थांबलं, तेव्हा तो पायरीवर चहा पीत होता. कप खाली ठेवून म्हणाला, "पुन्हा तिच्याखाली शिरायच्या आधी कुणाला काय ते लिहून ठेव. मागे कटकट नको."

कलम एक. घरातला माझा अर्धा हिस्सा मामाला. अट एकच, त्याने यापुढे कुठल्याही इंजिनाला फडकं लावू नये. आईच्या गाडीची टायमिंग चेन आम्ही बदलतोय; ती दोन-तीन दातेरी चाकांवर चढवलेली असते. काढण्याआधी चाकांवर खुणा करतात, म्हणजे नवी चेन बरोबर दातावर बसते. एक दात जरी चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात आणि इंजिन भंगारात जाऊ शकतं. दादाने माझ्या लाल नेलपॉलिशने खुणा केल्या होत्या. मामाने थिनर घेऊन त्या पुसल्या. शिवाय जागेवार मांडलेले सगळे बोल्ट लांबीप्रमाणे बरण्यांत लावून ठेवले. वर मलाच म्हणाला, किती घाण करून ठेवतेस.

कलम दोन. माझी सॅक आणि बूट बोटीवरच्या स्वैपाकिणीला. मी एक पावसाळा तिच्या हाताखाली काम केलं, तेव्हा तिने मला कांदा चिरायला आणि माणसं ओळखायला शिकवलं. कांदा मला अजून जमत नाही. तिची बोट कुठे असेल ते बंदरावर विचारावं.

कलम तीन. पाने आणि सॉकेटचा डबा ज्याला हवा त्याने न्यावा. त्यात दहा नंबरचं सॉकेट नाही, नेमकं तेच नेहमी हरवतं. ते सापडलं तर मला कळवू नका.

कलम चार, म्हणजे मुख्य. गाडी. आई जाईपर्यंत सुईण होती आणि ही गाडी तिचे पाय होती. शेवटच्या तीन वर्षांत इंजिनातून खडखड यायची. दादाचं स्वतःचं गॅरेज. आई दर महिन्याला सांगायची, तो दर महिन्याला बॉनेट उघडून कान लावायचा आणि म्हणायचा, "आवाज येतोय म्हणजे चालतेय." मग एका सकाळी चेन दात सोडून सरकली, गाडी रस्त्यात थांबली आणि आई पिशवी घेऊन दोन तास चालत गेली. बाळ तिच्याआधी पोचलं होतं, ठीक होतं.  आईने त्यानंतर दादाला काही दुरुस्त करायला सांगितलं नाही, साधा नळसुद्धा. इंजिनाचं झाकण मी काढलं तेव्हा आत डांबरासारखा काळा गाळ होता, त्यात चेनला आधार देणाऱ्या पट्टीचे प्लास्टिकचे तुकडे. अजूनही हाताचा वास जात नाही. त्या वासाने मला दादाचं "चालतेय" ऐकू येतं.

गाडी चालू झाली तर आईच्या जागी आलेल्या नव्या सुईणीला द्यावी. ती सायकलवर फिरते. नाही झाली तर दादाने उद्या, रविवारी, भंगारवाल्याला बोलावलंच आहे.

कलम पाच. दादाला जुनी चेन. ताणून लांब झालेली, गाळासकट. त्याने ती गॅरेजमध्ये गिऱ्हाइकांना दिसेल अशी टांगावी. पहिले तीन दिवस तो माझ्याबरोबर या कामाला होता. चौथ्या दिवशी मी आईच्या त्या दोन तासांचा विषय काढला, तर तो गाडीखालचे लोखंडी स्टँड उचलून निघून गेला. म्हणून सगळा भार एकट्या जॅकवर आला आणि तो खचला.

नवी चेन मी वरूनच, खुणांशिवाय, अंदाजाने बसवली आहे. चावी लावण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून बघतात. कुठे अडलं तर थांबायचं, जोर करायचा नाही. त्याला दोन माणसं लागतात, एक खाली आणि एक वर. मामाला मी त्यात धरत नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं, दोन ठिकाणी ऑइल सांडलं ते मजकुरात धरू नये.

साक्षीदार पहिले: समोरचे शिंपीकाका. सही केली, कागद तेलकट आहे म्हणून बोलणीही घातली.
साक्षीदार दुसरा: ………
स्थळ: गाडीचं डावं चाक काढलं आहे तिथे.
दिनांक: शनिवार, दुपारचे तीन.

फाटक वाजलं. मला वाटलं भंगारवाला एक दिवस आधीच आला. दादा आहे. दोन्ही खांद्यांवर स्टँड. माझ्याकडे बघितलं नाही, आडवा होऊन आत पाहिलं आणि विचारलं, "खुणा कुणी पुसल्या?" मामा फडकं घेऊन स्वैपाकघरात गेला. दादा खालूनच म्हणाला, "मला आठवतात कुठे होत्या. तू वर उभी राहा, मी फिरवतो."

मामा आतून सांगतोय की ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणजे दादाची सही हवी तर कलम पाच खोडावं लागेल. अजून खोडलेलं नाही. आधी दोन फेरे होऊ देत.