बॅनरवरचे मामा

वडनेर, ता. २ सप्टेंबर २०२५

चि. अंकुशले नलूताईचा आशीर्वाद.

तुले कोणं सांगतलं होतं बॅनर लावाले? माझ्या समीक्षाचा एमबीबीएसले नंबर लागला, आनंद झाला, तर पेढे पाठवाचे होते. चौकात बॅनर! पोरीचा फोटो बोराएवढा अन् काळ्या चष्म्यातला तुझा टरबुजाएवढा. खाली काय, तर 'भाचीच्या संपूर्ण शिक्षणाची जबाबदारी उचलणारे आदर्श मामा'. काय उचललं रे? अकरावी-बारावीले पोरगी तुझ्या घरी राह्यली, तवा झाडूपोछा, भांडेकुंडे तिनंच उचलले.

पोरीची फी सरकार भरते. पण होस्टेल, मेस, पुस्तकं, कॉलेजची अनामत? ते समाजाचं मंडळ देणार होतं, शिक्षण होईपर्यंत. अध्यक्ष सदाशिवराव घर पाहाले आले, चौकात बॅनर वाचला, अन् दारातूनच म्हणाले का एवढा खंबीर मामा असल्यावर ही मदत दुसऱ्या गरजू पोरीले देऊ. चहासुद्धा नाई घेतला. १३ तारखेच्या आत अनामत भरली नाई तर सीट जाते. तू फोन कापतो, म्हणून लिहून राह्यली.

जयाले आशीर्वाद. लोभ उरला असन तर राहू दे.

तुझी नलूताई

बोरगाव मेघे, ता. ५ सप्टेंबर

ती. नलूताईस अंकुशचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून वाईट वाटलं. बॅनर मित्रांनी हौसेनं लावला, मजकूर त्यांचाच. सध्या घराचे हप्ते आहेत, आमच्या स्वीटीची ट्यूशन आहे. जया म्हणते, समीक्षानं यंदा इथंच बी.एस्सी.ला नाव टाकावं. शिष्यवृत्ती मिळते, राहायला आमचं घर आहेच, जयालाही मदत होईल. मेडिकलचं पुढच्या वर्षी पाहू. मंडळाकडे मात्र काही बोलू नको, माझं हसं होईल.

राग सोडून माया असू द्यावी.

तुझा अंकुश

वडनेर, ता. ७ सप्टेंबर

अंकुश,

तुझं पत्र समीक्षानंच वाचून दाखवलं. 'मदत होईल' इथवर आली अन् उठून भांडे घासाले बसली. काऊन उठली विचारलं, तर म्हणते, सवय मोडाले नको.

मित्रांनी लावला म्हणतो. मग चष्म्यातला फोटो त्यायले कुत्र्यानं नेऊन देला का? अन् पुढच्या वर्षी नंबर मी कोणत्या बाजारातून आणू?

मी सदाशिवरावांच्या घरी जाऊन आली. दुसऱ्या पोरीचं नाव अजून पक्कं नाई, बैठक गुरुवारी आहे. पण माझं ऐकत नाईत. म्हणतात, मामानं स्वतः येऊन सांगावं.

तवा बॅनरवर लिहिलं तसा खर्च उचल, नाईतर त्यायच्यापुढं उभा राहून सांग का ते खोटं होतं. हसं होते तर होऊ दे, हसण्यानं कोणाची सीट जात नाई.

बॅनर मी कोणाले उतरवू देला नाई. बुधवारी, १० तारखेले, संध्याकाळच्या एसटीनं येजो अन् काय ते तोंडानं सांगजो. नाई आला, तर गुरुवारी सकाळी तुझं हे पत्र त्या बॅनरखाली चिकटवीन. जयाच्या मदतीसकट सारं गाव वाचन.

लोभाचं बुधवारी पाहू.

नलू