झरोक्याचं माप

पंपघर, क्वार्टर नंबर ४
दि. ३ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला महिनाभर उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. इथे कोळ्यांनी माझ्या नाकी नऊ आणले आहेत. तू हसणार हे ठाऊक आहे. हस, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

पंपघराचे दिवे रात्रभर टाकीच्या काठाशी जळत असतात. त्यांच्यावर चिलटं येतात आणि चिलटांमागोमाग कोळी. सकाळी काढलेली जाळी दुपारपर्यंत पुन्हा हजर. चहाच्या गाळणीत कोळी, ह्यांच्या बुटात कोळी, कपाटामागे अंड्यांची पांढरी बोंडं. फवारा मारून मारून मलाच खोकला झाला. ऑफिसात क्वार्टर बदलून मागितलं, तर साहेब म्हणाले की कोळ्यामुळे कुणी मेल्याचं ऐकिवात नाही. हे तर म्हणतात, बारा तास पंपाची घरघर ऐकून येतो, घरी आल्यावर तुझी ऐकवू नकोस.

मला माझं काही वाटत नाही रे. पण पोरीचं, टिटवीचं काय करू? महिन्यापूर्वी बाथरूमच्या झरोक्यातून एक हा एवढा कोळी तिच्या ओल्या केसांत पडला. त्या दिवसापासून ती बाथरूमच्या उंबऱ्याला पाय लावत नाही. आताच तिथल्या भिंतीवर गॅसचा गीझर बसवलाय, गरम पाणी हवं तेवढं आहे, आणि नऊ वर्षांची पोरगी ओल्या फडक्याने अंग पुसून शाळेत जाते. परवा बाईंची चिठ्ठी आली. वर्गात तिच्याशेजारी कुणी बसत नाही म्हणे. ती चिठ्ठी वाचून मी मोरीपाशी बसून रडले. काहीतरी सुचव. मी हात टेकले आहेत.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
बेबी


दि. ९ नोव्हेंबर

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि आधी हसलोच. पालीचं तुटलेलं शेपूट घेऊन माझ्यामागे धावणारी तू, आणि आज कोळ्यांपुढे शरण! टिटवीपर्यंत आलो तेव्हा मात्र हसू मावळलं.

आता माझं ऐक. बावीस वर्षं मी बिस्किटांचे डबे बंद करतोय. आमचा डबा एकदा बंद झाला की मुंगीलाही वास लागत नाही. झाडू आणि फवारा ही तुम्हा लोकांची कामं. कोळी येतात कुठून, हे कुणी बघतच नाही. कोळी काही भिंतीला फुटत नाहीत, ते फटीतून येतात. घरातल्या प्रत्येक झरोक्याचं, फटीचं, भोकाचं माप घे. लांबी आणि रुंदी, आतल्या बाजूने, दोनदा. अंदाजे टिपलेलं चालणार नाही. पुढचं माझ्यावर सोड.

टिटवीला सांग, मामा तिच्यासाठी किल्ला बांधतोय.

तुझा,
दादा


दि. १४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मापं पाठवते आहे. शिंप्याच्या टेपने घेतली. ह्यांनी विचारलं, भिंतींना सदरे शिवतेस का? स्वयंपाकघराची खिडकी उघडी लागतेच, तिला बारीक जाळी लावली आहे. बाथरूमचा झरोका एक फूट बाय आठ इंच. माळ्याच्या दोन फटी, पाइपाभोवतीचं भोक आणि बाथरूमच्या दाराखालची फट वेगळ्या कागदावर आहेत. टिटवीने शेजारी कोळ्याचं चित्र काढून त्यावर फुली मारली आहे. ती फुली बघून मला फार बरं वाटलं.

लवकर कर. बाईंची दुसरी चिठ्ठी यायच्या आत कर.

बेबी


दि. २१ नोव्हेंबर

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

पार्सल पाठवलं आहे. पत्र्याचे तुकडे आणि रबराच्या पट्ट्या मापाप्रमाणे मी स्वतः कापल्या, जेवणाच्या सुट्टीत. प्रत्येकाच्या मागे कुठे बसवायचा ते लिहिलंय. आधी रबर, वर पत्रा, मग स्क्रू. झरोक्याला चारही बाजूंनी बोट फिरवून बघ, वारा लागता कामा नये.

घाईत आहे. कसं झालं ते सविस्तर कळव.

दादा


दि. ४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, जीव भांड्यात पडला! पंपघराचा मिस्त्री येऊन सगळं बसवून गेला आणि तीन दिवसांत बाथरूममध्ये एकही कोळी नाही. टिटवी आधी दारात उभी राहिली, मग मोरीपर्यंत, आणि गेल्या सोमवारी चक्क आतून कडी लावून अंघोळ केली. आता बाहेर यायचं नाव नाही. गरम पाणी सोडून पाढे म्हणत बसते. सतराच्या पाढ्यात रोज अडकते आणि मी स्वयंपाकघरातून पुढचं सांगते. शाळेत तिच्याशेजारी एक मुलगी बसायला लागली आहे. तुझे उपकार कसे फेडू?

एवढंच की अंघोळीनंतर तिचं डोकं दुखतं. माझंही जड होतं, दोनदा मळमळलं. गीझरची ज्योत हल्ली पिवळी दिसते, मिस्त्रीला सांगायला हवं. हे म्हणाले की त्या खोलीत कोंडल्यासारखं होतं, एक स्क्रू तरी काढ. मी त्यांच्यावर केवढी खेकसले! दोन महिन्यांनी पोर हसतेय आणि तुम्हाला वारा हवाय, असं म्हणाले. उरलेल्या फवाऱ्याचाच वास डोक्यात जात असेल, नाही का?

दाराखालची पट्टी तेवढी आखूड पडली. दुसरी पाठव.

बेबी


दि. १० डिसेंबर

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

फवाऱ्याचंच ते, दुसरं काही नाही. महिनाभर विष मारलंस, ते भिंतींत मुरलंय. डोक्याला बाम लावा. दाराखालची पट्टी सोबत आहे. ती एकदा बसली की काम फत्ते. टिटवीला सतराचा पाढा मी आल्यावर शिकवीन.

दादा


सरकारी दवाखाना
दि. १९ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मांडीवर कागद धरून लिहितेय, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

सोमवारी सकाळी टिटवी अंघोळीला गेली. तुझी पट्टी आदल्या दिवशीच बसवली होती. पाढे ऐकू येत होते. सतराच्या पाढ्यात ती थांबली. मला वाटलं, नेहमीसारखी अडली. मी भाजी चिरत पुढचं सांगितलं. ती काही बोलली नाही. मी परत सांगितलं, वर थट्टाही केली. दादा, मी किती वेळ पाढा सांगत बसले ते मला आठवत नाही. ह्यांनी दार फोडलं तेव्हा ती मोरीत पडलेली होती आणि पाणी चालूच होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की बंद खोलीत गॅस जळला की हवेचं विष होतं, त्याला वास नसतो. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले. मला ओळखलं. हातातून चमचा गळतो, बोलताना शब्द सापडत नाही. सुधारेल म्हणतात, केव्हा ते सांगत नाहीत.

झरोका कुणी बंद केला असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, मी. हे ओरडले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून एवढंच म्हणाले की टिटवीला घरी सोडलं की ती त्यांच्या बहिणीकडे राहील. म्हणाले, माझ्या हाती पोर द्यायची त्यांना भीती वाटते. त्यांनी स्क्रू काढायला सांगितला होता, आणि मी खेकसले होते.

एक विनवणी आहे. पार्सल तू पाठवलंस हे कुणाला सांगू नकोस. त्यांना वाटतं की पत्रे मीच लोहाराकडून करून आणले. तुझं नाव कळलं तर तुझं इथलं येणं कायमचं बंद होईल. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तू एकटा. मुलगी चालली आहे, तू तरी राहा.

बेबी


दि. २३ डिसेंबर

श्री. भावोजींस,
सा. न. वि. वि.

बेबीने मला गप्प राहायला सांगितलं आहे. तिचं ऐकत नाही.

झरोका मी बंद केला. माप मी मागितलं, पत्रे मी कापले, वारा लागता कामा नये हे मी लिहिलं. तुम्हाला तिथे कोंडल्यासारखं झालं, टिटवीचं डोकं दुखलं, ज्योत पिवळी झाली, हे सगळं तिने मला वेळेवर कळवलं होतं. त्यावर मी बाम लावायला सांगितलं आणि उरलेली फट बुजवायला पट्टी पाठवली.

आमच्या कारखान्यात भट्ट्या आहेत. धुराड्याची झडप उघडी आहे ना, हे बघून रोज सकाळी वहीत सही करण्याचं काम माझं आहे. गॅसचा गीझर आहे हे बेबीच्या पहिल्याच पत्रात होतं. मी फक्त मापं वाचली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, मला होतं. तुमच्यावर ती खेकसली, ती माझ्या भरवशावर.

तिने खोटं सांगितलं ते मला वाचवायला. ते खोटं धरून तुम्ही टिटवीला तिच्यापासून तोडू नका. पोरीला शब्द सापडत नाहीत, अशा वेळी ते सांगायला तिची आईच हवी. हवं तर मला पोलिसांत द्या. माझं तोंड बघू नका, मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही.

गुरुवारी तुमची पाळी सुटते तेव्हा मी पंपघराच्या फाटकाबाहेर उभा असेन. मला आत बोलावू नका, बोलूही नका. टिटवी आईजवळच राहील एवढं मान हलवून सांगा, मी तिथूनच परत फिरेन.

लोभाचं काय लिहू? तो सगळा बेबीवर असू द्या.

तिचा भाऊ